बरोबरबाईंच्या कच्च्या वह्या

बाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. शाळेत ते कुणी वापरत नव्हतं. शाळेत त्या बरोबरबाई. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या 'बरोबर?' म्हणायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या नाहीत. "पाणी तापलं की हलकं होतं, बरोबर?" "तू काल वही घरी विसरलास आणि आज घर विसरशील, बरोबर?" पोरांना मान हलवायचीही सवड मिळायची नाही, बाई पुढच्या ओळीवर.

उंची बेताची, चाल घाईची, आवाज तीन वर्ग पलीकडे जाणारा. पर्समध्ये कायम तीन लाल पेनं. एक चालू, एक जादा आणि एक दुसऱ्या शिक्षकांना उसनं द्यायला. ते उसनं पेन परत मिळेपर्यंत त्या समोरच्याच्या टेबलाशी उभ्या राहायच्या.

एकोणीस वर्षं विज्ञान शिकवलं त्यांनी. व्हायचं होतं वेगळंच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी समुद्राच्या अभ्यासाच्या पुढच्या शिक्षणाचा फॉर्म आणून ठेवला होता. त्याच महिन्यात वडील बांधकामावरच्या परांचीवरून पडले आणि अंथरुणाला खिळले. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि शाळेत अर्ज दिला. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "समुद्र कुठे पळून गेलाय? शाळेपासून आठ मिनिटांवर आहे."

आणि सहा वर्षांपूर्वी समुद्रच शाळेत चालत आला.

झालं असं, की समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडे जहाज एकच. ते एकाच वेळी किती ठिकाणी जाणार? वरून उपग्रह फिरतो, पण किनाऱ्याच्या अगदी लगतचं पाणी त्यालाही नीट दिसत नाही. मग संस्थेच्या डोक्यात आलं, किनाऱ्याला चाळीस शाळा आहेत, शाळेत पोरं आहेत, पोरांना वळण लावणारे शिक्षक आहेत. प्रत्येक शाळेला एक बादली, एक दोर, एक थर्मामीटर आणि एक पांढरी थाळी मिळाली. थाळी दोराला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथे दोराची गाठ मोजायची, म्हणजे पाणी किती नितळ ते कळतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आकडे संस्थेला पाठवायचे.

आणि दर वर्षी चाळीस शाळांमधून एका शिक्षकाला बारा दिवस जहाजावर न्यायचं, संशोधकांच्या बरोबरीनं काम करायला.

त्या एका जागेवर बाईंचा डोळा होता. लपवाछपवी काही नाही, सरळ डोळाच होता. मोठ्या बोटीवर त्या आयुष्यात चढल्या नव्हत्या, पोहता येत नव्हतं, तरीही ती जागा आपलीच असं त्यांनी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं.

मग काय, दर गुरुवारी सकाळी साडेसातला बाई धक्क्यावर. सोबत नववीची चार पोरं, पाळीपाळीनं. एक बादली टाकणार, एक थर्मामीटर बघणार, एक थाळी सोडणार, एक लिहिणार. पाऊस असो, डोकं दुखत असो, घरी पाहुणे असोत. बाईंचा नवरा घराखालच्या गाळ्यात पंपाच्या जळलेल्या मोटारींची वायर नव्यानं गुंडाळून द्यायचा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "गुरुवारी आमच्याकडे चहा समुद्राची तब्येत विचारून झाल्यावर मिळतो."

बाईंची पद्धत अशी. धक्क्यावर लिहायची ती कच्ची वही. ओली, चुरगळलेली, पेन्सिलीनं लिहिलेली. शाळेत आल्यावर बाई ती लाल पेनानं तपासणार आणि मग पोरं सुंदर अक्षरात पक्की वही लिहिणार. आकडे जायचे पक्क्या वहीतून. खोडरबराला बाईंच्या राज्यात बंदी. "चूक खोडायची नाही. चूक दिसली पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी लाज वाटते, बरोबर?"

आता तपासायचं म्हणजे काय? आकडा मागच्या आठवड्यापेक्षा दोन अंशांच्या वर इकडेतिकडे गेला, की बाईंच्या लेखी ती पोराची चूक. थर्मामीटर हातात धरला असेल, तिरका बघितला असेल, लक्ष दुसरीकडे असेल. लाल रेघ मारायची, शेजारी शोभेल असा आकडा घालायचा. सहा वर्षं त्यांनी हेच केलं. गणिताची वही तपासावी तसं. मनात पाप नव्हतं, सवय होती.

सहाव्या वर्षी संस्थेतल्या संशोधक मॅडम शाळेत आल्या. बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पायात खेळाचे बूट, पाठीला सॅक. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी पक्क्या वह्या उलटल्या.

"मॅडम, काय आकडे आहेत तुमचे! इतके स्वच्छ मला कुठल्याच शाळेतून मिळत नाहीत."

बाई फुलल्या. कुणीही फुललं असतं.

"सोमवारी समिती बसतेय," संशोधक मॅडम म्हणाल्या. "जहाजासाठी तुमचं नाव यादीत सगळ्यात वर आहे. मी सांगितलंय असं कुणाला सांगू नका."

हेडसर शेजारीच उभे होते. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि मिशीत हसले.

जाता जाता संशोधक मॅडम सहज बोलून गेल्या, "तुमच्या आकड्यांमुळे माझं एक मोठं काम झालं. खोल समुद्रात आमचा पिवळा बोया नांगरून ठेवलाय, तो दिवसरात्र पाणी मोजतो. दोन वर्षांपूर्वी एका आठवड्यात त्यानं एकदम पाच अंश गार पाणी दाखवलं. वारा वरचं पाणी ढकलून नेतो आणि तळाचं गार पाणी वर येतं, तसं. ते गार पाणी किनाऱ्यापर्यंत पोचतं का, हाच आमचा प्रश्न होता, कारण मासळी कुठे जाणार ते त्यावर असतं. तुमच्या वहीत त्या गुरुवारी सत्तावीस आहे. म्हणजे नाही पोचत. तेच आता लेखात लिहितेय."

बाईंचं फुलणं तिथेच थांबलं.

कारण तो गुरुवार त्यांना आठवत होता. नववीत एक पोरगी होती, अख्खी शाळा तिला हट्टी म्हणायची. तिनं कच्च्या वहीत बावीस लिहिलं होतं. बाईंनी लाल रेघ मारली, तर ती भांडायलाच उठली. "बाई, बावीसच होतं! बादलीत हात घातला तर बोटं बधिर झाली माझी." बाई म्हणाल्या होत्या, "समुद्र म्हणजे काय फ्रीज आहे? मागच्या आठवड्यात सत्तावीस, आज बावीस?" वर्ग हसला. बाईंनी सत्तावीस घातलं आणि पक्क्या वहीत तिच्याच हातानं लिहून घेतलं.

संशोधक मॅडम गेटबाहेर गेल्या तरी बाई स्टाफरूमच्या दारात उभ्याच.

संध्याकाळी घरी आल्या त्या थेट गाळ्याच्या माळ्यावर चढल्या. कच्च्या वह्या तिथेच पोत्यात होत्या. बाई कागद टाकत नाहीत, स्वतःचा पहिलीतला निकाल अजून ठेवलाय त्यांनी. पण पोतं उघडून बघतात तर तिसऱ्या वर्षाच्या वहीची निम्मी पानं गायब.

"अहो! यातली पानं?"

खालून नवऱ्याचा आवाज आला. "ती लाल लाल वही होय? ग्रीस पुसायला घेतली थोडी. सगळी चुकीचीच होती की ती."

"थोडी?"

"अगं, वर्षभर थोडी थोडी."

सासूबाई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, भांडायचं असेल तर खाली येऊन भांड. माळ्यावरून पडलीस तर त्याला मोटारच बांधता येते, हाड नाही."

बाई खाली आल्या, वह्या पसरल्या आणि मोजायला बसल्या. दोनशे सत्तर गुरुवारांपैकी एकतीस लाल. हट्टीचं पान सापडलं. लाल रेघेखाली पेन्सिलीचं बावीस स्पष्ट दिसत होतं. दाबून लिहिलं होतं पोरीनं, मागच्या पानावर उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हेडसरांना सगळं सांगितलं. हेडसर माणूस वाईट नाही, पण शाळेचं नाव छापून येणार म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो.

"बाई, एकतीस म्हणजे किती? दोनशे सत्तरात!" ते म्हणाले. "सोमवारपर्यंत गप्प बसा. एकदा जहाजावर जाऊन या, मग सावकाश सांगा. समुद्र काही तक्रार घेऊन येत नाही आपल्याकडे."

"समुद्र नाही येणार सर. पण तो लेख छापला की तो वाचून लोक शिकणार. म्हणजे माझी चूक सगळ्यांना पाठ होणार."

"आणि जागा?"

"जागेवर माझा डोळा आहेच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आजच जाते. सोमवारपर्यंत थांबले तर माझं मन पलटी खाईल, मला मी माहीत आहे."

पण रिकाम्या हातानं माफी मागायला जायचा बाईंचा स्वभाव नाही. आधी त्या हट्टीला गाठायला गेल्या. नुसतं बावीस लिहिलंय म्हणून संस्था विश्वास ठेवणार नाही, मोजलं कसं ते विचारणार, हे त्यांना कळत होतं.

हट्टीनं दहावीत शाळा सोडली होती. आता ती धक्क्यामागच्या वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं खोलायची. बाई पोचल्या तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

"बाई? इथे? कोण मेलं?"

"कुणी नाही. तू नववीत एका गुरुवारी बावीस लिहिलं होतंस. आठवतं?"

"आठवतं? फ्रीज फ्रीज म्हणून चिडवायचे मला महिनाभर." तिनं पाना खाली ठेवला. "दोन वर्षांनी तपासायला आलात? मार्क वाढवून मिळणार का?"

"थर्मामीटर बादलीत किती वेळ ठेवला होतास?"

"तुम्हीच शिकवलं होतं ना, शंभर आकडे मोजेपर्यंत. पहिल्यांदा बावीस आलं, मलाच खरं वाटेना. बादली ओतली, दुसरी काढली. पुन्हा बावीस. तिसरी काढली."

"तीनदा?"

"मग! तुम्ही ओरडणार हे काय मला माहीत नव्हतं?"

बाईंनी वहीतलं लाल रेघेचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. भर वर्गात चुकलं."

हट्टीनं नाक पुसलं आणि नाकाला काळा पट्टा ओढला. "बरं."

"आणि शाळा तू त्यामुळे..."

"ओ बाई! उगाच स्वतःला एवढं मोठं समजू नका. शाळा मला बसून बसून कंटाळा यायचा म्हणून सोडली. इथे बसायला मिळतच नाही." मग म्हणाली, "लिहून देऊ का? तीन बादल्यांचं?"

तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, खाली सही केली, सहीशेजारी अंगठ्याचा काळा ठसाही उठला, तो चुकून.

बाई दुपारच्या बसनं संस्थेत गेल्या. संशोधक मॅडमच्या टेबलावर त्यांनी साडेपाच वर्षांच्या कच्च्या वह्या ठेवल्या आणि एका दमात सांगून टाकलं. लाल रेघ काय, सत्तावीस कुठून आलं, एकतीस आकडे कसे बदलले. ग्रीसचंही सांगितलं.

संशोधक मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मॅडम, लेख परवा जाणार होता माझा."

"म्हणून आज आले."

"तुम्ही शिक्षक आहात हो. आकडे बदलायचे नसतात हे तुम्हाला मी सांगायचं?"

"नका सांगू. कळलंय."

मग बराच वेळ दोघी शेजारी बसल्या. एकीनं वाचायचं, दुसरीनं कॉम्प्युटरवर भरायचं. लाल आकडे बाहेर, पेन्सिलीचे आत. एकतीसपैकी बारा खरोखरच पोरांच्या चुका निघाल्या. एकानं तर हवा मोजली होती, एकानं बहुतेक स्वतःची काख. पण उरलेले एकोणीस? बोयानं ज्या ज्या आठवड्यात गार पाणी दाखवलं, त्या त्या आठवड्यात पोरांनीही गारच लिहिलं होतं. कधी एक दिवस उशिरा, पण गार. पडद्यावर रेघ खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"पोचतं," संशोधक मॅडम हळूच म्हणाल्या. "गार पाणी किनाऱ्याला पोचतं. आणि नववीतल्या पोरांनी ते पकडलं होतं."

"आणि मी सोडून दिलं होतं, बरोबर?"

या 'बरोबर'नंतर मात्र बाई थांबल्या. संशोधक मॅडमनी मान हलवली.

"लेख पुन्हा लिहीन मी. पोरांचा उल्लेख करून लिहीन. पण मॅडम, सोमवारी तुमचं नाव मी पुढे करू शकत नाही. समिती विचारणार."

"कळलं," बाई म्हणाल्या आणि रिकामी पिशवी घडी करून निघाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांना रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा, लाल पेनाचा आणि शेजारी खिडकी उघडी टाकून झोपलेल्या माणसाचा.

सोमवारी जागा खाडीपलीकडच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांना मिळाली. सर सुस्वभावी, आकडे एकदम देखणे, आलेख तर फ्रेम करावेत असे. बाईंनी फोन करून त्यांचं अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मनापासून केलंस?"

"अर्ध्या."

"चालतंय," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी संस्थेत चाळीस शाळांच्या शिक्षकांची बैठक होती. संशोधक मॅडमनी बाईंना दहा मिनिटं दिली होती, विषय 'कच्ची वही कशी ठेवावी'. हॉल भरलेला. पंखे घरघरत होते, मागच्या रांगेत कुणीतरी पेपर तपासत होतं, जसं प्रत्येक बैठकीत कुणीतरी तपासतंच.

बाई पुढे गेल्या. माइक हातात घेतला नाही, त्यांना तो कधी लागलाच नाही.

"मी सहा वर्षं पोरांचे आकडे लाल पेनानं दुरुस्त केले," त्या म्हणाल्या. "एकतीस आकडे. त्यातले एकोणीस बरोबर होते. त्यापायी माझी जहाजावरची जागा गेली, आणि जायलाच हवी होती."

मागचं पेपर तपासणं थांबलं.

"आता मला सांगा, इथे अजून कुणी कुणी दुरुस्त केलेत? हात वर करा."

कुणी हललं नाही. चाळीस शिक्षक आणि असे बसलेले की जणू गृहपाठ कुणीच केला नाही. बाई उभ्याच राहिल्या. गप्प वर्गासमोर किती वेळ उभं राहायचं हे एकोणीस वर्षांत चांगलं कळतं माणसाला. समोरच्या माणसाला घाम फुटेपर्यंत.

पहिला हात दुसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंचा. अर्धाच वर, डोकं खाजवल्यासारखा. मग खिडकीजवळ एक. मग दाराशी दोन. मग एकदम, पावसात छत्र्या उघडाव्यात तसे हातच हात. कुणी म्हणालं, "मी फक्त पूर्णांक केले हो." कुणी म्हणालं, "आमच्याकडे पोरं न जाताच लिहायची, मग मी अंदाजानं नीट करून द्यायचो." हॉलमध्ये हसू फुटलं, ओशाळलेलं आणि हलकं झालेलं.

संशोधक मॅडमनी कपाळाला हात लावला होता. मग त्याही हसायला लागल्या. "चाळीस शाळा, चाळीस सरळ रेघा! मी सहा वर्षं समजत होते, आपला समुद्र शिस्तीचा आहे."

सगळ्यात शेवटी पहिल्या रांगेतला हात वर झाला. भूगोलाच्या सरांचा. ते उभेच राहिले.

"माझं तर विचारूच नका. आलेख सुंदर यायला हवा म्हणून मी रेघ आधी काढायचो, आकडे मागून बसवायचो."

"आणि कच्च्या वह्या सर?" संशोधक मॅडमनी विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती.

"रद्दीत."

"आमच्याही," "आमच्याही," हॉलभर आवाज उठले. सर बाईंकडे वळले. "मॅडम, तुमच्याकडे लाल रेघेखाली निदान काहीतरी आहे. माझ्याकडे नुसती रेघ आहे. ही जागा घेऊन मी जहाजावर कुठल्या तोंडानं चढू? माझं नाव काढा. मी लेखी देतो."

संशोधक मॅडमनी समितीच्या दोघांकडे बघितलं. ते मागेच बसले होते. एकानं खांदे उडवले, दुसरा म्हणाला, "सहा वर्षांचं मूळ लिखाण या चाळिसांत एकाच शाळेकडे आहे. थोडं ग्रीस सोडून."

अशा वेळी नको नको म्हणायची रीत असते. सरांनाच जाऊ द्या, माझी लायकी नाही, वगैरे. सगळे तेच ऐकायला टेकून बसले होते.

बाई म्हणाल्या, "कधी निघायचं?"

"बुधवारी सकाळी सहाला," संशोधक मॅडम म्हणाल्या. "उबदार कपडे घ्या आणि उलटीच्या गोळ्याही."

"गोळ्या कशाला? मला बोट लागत नाही," बाईंनी ठणकावून सांगितलं. मोठ्या बोटीवर कधी चढलेल्या नसतानाही.

लागली. पहिल्याच दिवशी तीनदा. वेळ, वारा आणि लाटांची उंची लिहून, खाली सही करून त्यांनी ते जहाजाच्या वहीत नोंदवलं आणि तोंड पुसून बादली टाकायला उभ्या राहिल्या.